निळीचा थर

पाठीचा तुकडा

"शामू फुटला!"

देवळावरच्या भोंग्यातून रविराज देसूरकरचा आवाज आला तेव्हा तळेगाळी गावात म्हशींच्या धारा चालल्या होत्या. पुढचं वाक्य आलं आणि धारा थांबल्या.

"शामू फोडलाय, आणि वर निळं टाकून गेलेत. निळं कोण टाकतंय ते गावाला सांगायला नको!"

शामू म्हणजे पुतळा, लढाईत गेलेल्या गावच्या शामूचा. शिल्पकार भावकू देसूरकरांनी तो पन्नासएक वर्षांपूर्वी केला, गोणपाटात घातला, दाभणानं स्वतः शिवला आणि आपल्या मूर्तीच्या कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवून दिला. "माझ्यामागं ह्याला कुणी उसवायचं न्हाय," एवढं बजावून ते यथावकाश वारले. गावानं ऐकलं. नातू रविराज मात्र स्मारक समितीचा अध्यक्ष झाला, त्यानं आजोबांच्या नावाचं दालन बांधलं. उद्या त्या दालनाचं उद्घाटन, आणि पाहुण्यांनी नव्या कोऱ्या कात्रीनं गोणपाट उसवायचं हा त्यातला मुख्य सोहळा. आता सोहळ्याच्या आदल्या दिवशी गोणपाट फाटलेलं, आणि जमिनीवर प्लास्टरच्या ढलप्यांचा ढीग. ढलप्यांवर निळं.

निळं म्हणजे नीळ. भीमजयंतीला वस्तीतली पोरं उधळतात ती.

एवढ्या पुराव्यावर गाव वस्तीत शिरलं. सगळी घरं धुंडाळली आणि दीपंकर कांबळेला आणून पंचायतीच्या खोलीत बसवलं. दीपंकर बेळगावात एका कॉलेजात कंत्राटावर शिकवत होता. समितीच्या मागच्याच सभेत तो उठून म्हणाला होता, "दालनाच्या पाटीवर सगळं लिहा. भावकू देसूरकरांनी महायुद्धात कुणाचा गणवेश घातला होता, तेही लिहा."

तिकडे निपाणीत त्याची थोरली बहीण सुविधा एका जळालेल्या तंबाखूच्या वखारीत उभी होती. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करणं हा तिचा धंदा. फोन कानाला लावला तेव्हा तिच्या हाताला राख होती.

"ताई, माफीनाम्यावर सही कर म्हणतात. न्हाय केली तर संध्याकाळच्या बैठकीनंतर पोलिसात तक्रार. तक्रार झाली की नोकरी गेली."

"केलंस का?"

"सही?"

"फोडलंस का, विचारते."

"न्हाय."

"मग सही करू नको. आले."

नाकाचा तुकडा

कारखान्याच्या दारात रविराज उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, डोळ्यांत जागरण नाही पण राग.

"सत्याप्पाची पोरगी न्हवं तू? विम्याचं बघतीस म्हणं. ह्याचा विमा न्हाय उतरवला."

"म्हणून फुकट बघाय आल्ये."

"बघून काय करणार? तुकडे जुळवणार?"

"आण्णा, वखार जळली की मालक मला जळलेलं दाखवतो," सुविधा म्हणाली. "मी न जळलेलं बघते. जळलेलं काय, कुणाचीबी बाजू सांगतंय."

ती आत गेली. भिंतीला दालनासाठी मोठा केलेला भावकूंचा फोटो टेकवून ठेवला होता. तिशीतला माणूस, परक्या पलटणीचा कोट, उजव्या बाहीवर झेपावणारा वाघ. फोटोखाली ढीग. सगळीकडे पांढरी धूळ. बाकावर, खिडकीत, जुन्या हत्यारांवर. धूळ जिथं नव्हती तिथं सुविधा थांबली.

जमिनीवर दोन जागा स्वच्छ होत्या. एक लहान चौकोन, पाटाएवढा. समोर दुसरा, जरा मोठा, घडी घातलेल्या घोंगड्याएवढा. म्हणजे इथं कुणीतरी पाटावर बसून काम केलं होतं, आणि समोर घोंगडं टाकून दुसरं कुणीतरी बघत बसलं होतं.

पुतळा फोडायला आलेला माणूस बसत नाही. आणि बघायला पाहुणा तर मुळीच आणत नाही.

खिडकीच्या कट्ट्यावर चहाच्या दोन कपबशा होत्या. एक कप रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली, सायीवर पांढरी धूळ.

"हा चहा कुणाचा?"

"आत्याचा आसंल," रविराज म्हणाला. "जयाआत्या कुणालाबी चहा देती. कुत्र्यालाबी बशीत वतती."

"मग प्यायला कोण न्हाय?"

रविराजला हा प्रश्न बायकी वाटला.

सुविधा खाली बसली. नीळ फक्त ढलप्यांवर होती. गोणपाटावर नाही, बाकावर नाही, भिंतीवर नाही. उधळलेल्या निळीला एवढी शिस्त नसते. लहानपणी तिची आई बुद्धपौर्णिमेच्या आधी पांढऱ्या साड्यांना नीळ द्यायची, तेव्हा दोन दिवस उंबऱ्यापासून मांजरापर्यंत सगळं घर निळं असायचं.

तिनं एक मोठी ढलपी उचलली. एका बाजूनं खडबडीत, पांढरी. दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, फिकट निळी. तिनं ती बाकाच्या कडेवर आपटून तोडली. तुटलेल्या कडेत निळा पातळ थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा दिसला. नीळ वरून पडलेली नव्हतीच. प्लास्टर कालवतानाच त्यात मिसळली होती.

मग तिनं गुळगुळीत बाजू उजेडाकडे धरली. त्यात एक नाक होतं. नाकपुड्यांसकट, शेंड्यावरच्या छोट्या व्रणासकट.

पण पुतळ्याचं नाक पुढं येतं. हे नाक आत गेलेलं होतं.

कानाचा तुकडा

(कारखान्याला लागून नागेंद्रचं झेरॉक्सचं दुकान. त्याची घरची भाषा कन्नड, गिऱ्हाइकाची मराठी. मशीन बंद, मालक चालू.)

"बर्री, बर्री, या सुविधाक्का. मला विचाराय आलात? सकाळपास्नं पयलं माणूस."

"तुमचं नाव घेतलंच न्हाय कुणी?"

"घेतलं की! सगळ्यात पयलं माझंच. कन्नड बोर्डवाला, त्यानंच फोडलं म्हणं. मग निळं दिसलं, मग मला सोडलं. अय्यो, तुमच्या भावामुळं वाचलो बघा."

"काल काही ऐकलं?"

"ऐकलं तर! जेवून दुकान उघडलं तेव्हापास्नं दिवेलागणीपत्तोर. टुक टुक, टुक टुक."

"धाडकन काही पडलं?"

"पडलं न्हाय री. पाथरवट जात्याला टाकी लावतो न्हवं, तसं. हळू. मधी थांबायचं. मग परत टुक टुक. मला वाटलं, जयाक्का मसाला कुटाल्यात."

"हे कुणाला सांगितलं न्हाय?"

"कुणी विचारलं न्हाय. ज्याचं नाव संशयात असतंय त्याला कोण विचारतंय, आक्का? त्याला सांगत्यात."

"रविराज कुठं होता काल?"

"समिती सगळी बेळगावला. मंडप, हार, बँड. ती पुस्तकवाली बाई पण गेलती."

"आणि दीपंकर?"

"आलता की. ऊन होतं तेव्हा. दारातच उभा. जयाक्कांनी दार एवढं उघडलं, एवढंच. म्हणाल्या, आज नको रं बाळ, उद्या ये. आत घेतलं न्हाय. चहासुद्धा न्हाय!" (नागेंद्रनं इथं आवाज खाली आणला.) "मी पंधरा वर्सं शेजारी हाय. जयाक्कांनी दारातनं परत पाठवलेलं पयलंच माणूस बघितलं."

"त्यांच्याबरोबर आत दुसरं कोण होतं?"

"दिसलं न्हाय. पण चपला दोन जोड होत्या. एक जयाक्कांच्या. दुसऱ्यापण म्हातारीच्याच, टाच झिजलेल्या."

जो तुकडा कुठंच बसत नाही

पारावरचे माजी सैनिक म्हणतात: भावकू आणि शामू एकाच गल्लीतले, एकाच दिवशी मराठा पलटणीत भरती झाले, वाळवंटात एकाच खंदकात पकडले गेले. भावकू फितला. त्यानं जर्मनांचा कोट घातला. शामूनं नाही म्हटलं, म्हणून कैदेत सडून मेला. भावकूनंच त्याला धरून दिला असणार.

रविराजचा फ्लेक्स म्हणतो: इंग्रजाविरुद्ध परदेशी भूमीवर शस्त्र उचलणारा क्रांतिवीर, पुढं सीमालढ्याला हुतात्म्यांचे पुतळे देणारा महान शिल्पकार.

शामूची बायको नागुबाई काहीच म्हणत नसे. ती भावकूच्या दारावरून जाताना थुंकत असे. तिनं त्या घराचं पाणी तोडलं. तिच्या लेकीनं, यशोदाबाईनं, तेच पुढं चालवलं. लग्नात, मयतात, कुठंही. एकदा जत्रेत देसूरकरांच्या माठातलं पाणी चुकून घेतलं तर घरी येऊन तिनं मीठपाण्यानं चूळ भरली, असं सांगतात.

आणि नीलम सरनाईक, भावकूंचं चरित्र लिहायला कोल्हापूरहून आलेली, दालनात बसून म्हणाली:

"तो कोट त्यांनी घातला हे खरंच आहे. त्यांची तुकडी फ्रान्सच्या किनाऱ्यावर होती. तिथं एका ब्रेटन शिल्पकाराच्या हाताखाली ते शिकले. ब्रेटन म्हणजे फ्रान्सच्या एका टोकाचे लोक. त्यांची भाषा वेगळी, शाळेत बोलली तर शिक्षा व्हायची. तो शिल्पकार भाषेसाठी एवढा पेटलेला, की पॅरिसचा सूड म्हणून जर्मनांच्या बाजूला गेला. युद्धानंतर त्याच्याच गावानं त्याला दगड मारले. भावकू म्हणायचे, 'त्याच्याकडनं मी दोन गोष्टी आणल्या. हातातली कला आणि डोक्यातलं खूळ.'"

"चांगला होता का वाईट, तुम्ही काय लिहिणार?" सुविधानं विचारलं.

"तेच तर सुटत नाहीये."

"म्हणून तुकडा उचलला?"

नीलमचा हात पर्सवर गेला. तिच्या पर्सच्या चेनवर पांढरी धूळ होती. सुविधानं बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं.

"मी ढलप्या मांडून आल्ये, मॅडम. तोंड पुरं बसलं, छाती बसली. उजव्या दंडाला भोक हाय. सकाळी रविराजच्या मागोमाग तुम्हीच आत गेलता."

"कोरीव नक्षी दिसली म्हणून घेतला," नीलमनं पर्स उघडली. "पुस्तकासाठी. फोडणारी मी नाही. आत काय आहे ते बघायला मी जीव टाकत होते, फोडून माझं काय भलं होणार?"

तुकड्याच्या निळ्या, गुळगुळीत बाजूला खोल गेलेल्या रेघा होत्या. उलट्या. कशाच्या, ते कळत नव्हतं.

"ह्यांच्या गुरूची साचा करायची रीत काय होती?" सुविधानं विचारलं.

"साधीच. मातीच्या मूर्तीवर प्लास्टरचा साचा. एकदाच वापरायचा, आत नवं प्लास्टर ओतून मग बाहेरचा साचा छिन्नीनं फोडून काढायचा. म्हणून साच्याचा अगदी आतला थर रंगीत करायचा. रंग दिसला की छिन्नीवाल्यानं हात आवरायचा, कारण त्याच्या पलीकडं…"

तिचं वाक्य तिथंच तुटलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पलीकडं मूर्ती असते," सुविधा म्हणाली.

ओठांचा तुकडा

"आक्का, कणीक असली तर मळून देता का?" सुविधानं दारातून विचारलं.

कारखान्यामागच्या घरात जयाबाई चुलीपुढं बसली होती. भावकूंची लेक, नवऱ्याघरी चार दिवस नांदून माघारी आलेली, बापाच्या हाताखाली प्लास्टर कालवून म्हातारी झालेली. तिनं वर पाहिलं, काही विचारलं नाही. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं. तिच्या नखांच्या कडांना पांढरं होतं. ते पिठाचं नव्हतं, कारण पीठ तिनं आत्ता घेतलं.

"काल टाकी कुणी लावली, आक्का?"

जयाबाईचे हात चालत राहिले.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. गोणपाटात पुतळा न्हवताच. न फोडलेला साचा होता. आतला शामू आत. ज्यानं फोडला त्याला निळ्या थराशी हात आवरायचा ठाऊक होतं. तसा हात गावात एकच उरलाय. आणि समोर जी बसलीवती तिनं दुपारभर बसून तुमचा चहा घेतला न्हाय. उपासाचा दिवस न्हवता. ह्या गावात तुमचा चहा न पिणारं घर एकच."

कणीक मळून झाली होती, तरी हात थांबेनात.

"मूर्ती जड असणार. दोन म्हाताऱ्या ती गावातनं नेणार न्हायत. सगळ्यांनी आमच्या वस्तीतल्या उतरंडी खाली काढल्या. तुमचं स्वयंपाकघर कुणी बघितलं न्हाय." सुविधानं मागच्या भिंतीशी रचलेल्या वाकळांच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग नेहमीपेक्षा पुढं आलेला होता. "त्येच्यामागं हाय न्हवं?"

"बाबांनी सांगितलंतं," जयाबाई म्हणाली, "शामूच्या घरचं कोण मागाय आलं तर त्येच्यासमोर फोड. दुसऱ्या कुणासमोर न्हाय. कोण आलंच न्हाय गं. मग रव्यानं हे कात्रीचं काढलं. म्हटलं, उद्या जगासमोर उसवायच्या आधी मीच जाऊन सांगावं. पयल्यांदा यशोदाक्काच्या दारात गेले."

"आणि ती आली."

"आली. बापाचं तोंड बघाय. फोटो न्हाय, काय न्हाय. तिच्या जन्माआधी गेलेला बाप."

सुविधानं पिशवीतून दंडाचा तुकडा काढला. त्याच्या आतल्या बाजूत कणकेचा गोळा दाबला, अंगठ्यानं कडेपर्यंत नेला, आणि सोडवून उलटा केला.

कणकेवर एक वाघ झेपावत होता.

कारखान्यातल्या फोटोतला. भावकूंच्या बाहीवरचा.

"हा शामूच्या दंडावर?" सुविधानं विचारलं.

जयाबाईनं पदर तोंडाला लावला. "दोघांनीबी घातलावता तो कोट, पोरी. दोघांनीबी. फ्रान्समधनं परतताना एका पुलावर तिथल्या लोकांनी शामूला गोळी घातली. बाबा एकटे आले. इंग्रज साहेबानं विचारलं, शामू कुठाय? बाबा म्हणाले, तो आला न्हाय आमच्यात, कैदेतच तापानं मेला. मीच तेवढा फितूर. तसं म्हटलं म्हणून नागुबाईला पेन्शन मिळाली."

"आणि ती ह्यांच्या दारात थुंकली."

"जल्मभर. बाबा खाली मान घालायचे. एकदा मी म्हटलं, सांगून टाका की. तर म्हणाले, शामूचं मी झाकलं, जये. माझं कोण झाकणार? येताना आम्ही गावं जाळली. काडी कुणाच्या हातात हुती ते इचारू नको." तिनं डोळे पुसले. "देवमाणूस न्हवता माझा बाप. पण हे एक त्यानं केलं."

"मग सकाळी गप्प का बसला?"

"रव्याला सांगणार हुते, माझ्या हातनं पडला म्हणून. तो माझ्या आधी आत शिरला. निळं म्हणाला. भोंग्यावर गेला. माझी जीभ टाळ्याला चिकटली बघ."

"सोडवा ती," सुविधा उठली. "संध्याकाळपत्तोर वेळ हाय."

बाहीचा तुकडा

यशोदाबाईचं घर गल्लीच्या टोकाला. म्हातारी ओसरीवर, भिंतीला टेकून. समोर नातवाचा, सूरजचा फोटो, मराठा पलटणीच्या गणवेशात.

"तुला पाणी दिऊ?" तिनं विचारलं आणि मग जरा थांबली. सत्याप्पाच्या पोरीला पाणी कशातून द्यायचं, हा प्रश्न तिच्या घरात आधी कधी आला नव्हता.

"राहू दे, आजी. तुम्ही देसूरकरांचं पाणी तोडलं त्याला कारण तरी होतं. आमचं तोडायला गावाला तेबी लागलं न्हाय."

म्हातारीनं हे गिळलं. मग म्हणाली, "जयी बोलली?"

"आधी चहा बोलला. मग त्या."

सुविधानं कणकेचा वाघ काढून पुढं ठेवला. यशोदाबाईनं तो पदराखाली ओढला, जसं रडतं मूल ओढावं.

"लोकं काय म्हणतील? माझी आय खोट्या पेन्शनीवर जगली. माझा बाप फितूर. सूरजला पलटणीत कोण काय बोललं तर?"

"आणि माझा भाऊ पंचायतीत बसलाय. त्याला काय बोलालेत ते ऐकलं न्हवं भोंग्यावर?"

म्हातारीनं पदराखालचा वाघ आणखी जवळ घेतला.

"हे बघा," सुविधा म्हणाली. "भावाला मी आज सोडवणार. त्याला तोंडाचे तुकडे पुरतील. बाहीचा तुकडा माझ्या पिशवीत हाय, तो मी काढणार न्हाय. तुमचा बाप तुमचा. पण मला तिथं कुणी विचारलं, शामू कुठाय, तर खोटंबी बोलणार न्हाय. गप्प बसेन. माझं गप्प बसणं किती वेळ टिकतंय ते गावावर."

कपाळाचा तुकडा

देवळासमोर गाव जमलं. दीपंकरला पहिल्या रांगेत बसवलं होतं, मांडीवर माफीनामा, त्यावर पेन. सुविधानं मधोमध गोणपाट अंथरलं. ढलप्या सुतळीनं बांधून आणल्या होत्या, निळी बाजू आत. बाजूला परात.

"बाई काय जेवाण घालाय आलीया?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"व्हय. भाकरी न्हाय, माणूस," सुविधा म्हणाली, आणि एक ढलपी उचलून सगळ्यांसमोर मोडली. "हे बघा. नीळ वरनं टाकलेली न्हाय. प्लास्टरच्या पोटात हाय. हे प्लास्टर कालवलं तेव्हा दीपंकर जन्माला यायचा होता. तेव्हा त्यानं हे केलं असलं तर मग धराच त्याला."

ह्या वेळचा हशा वेगळ्या बाजूनं आला.

तिनं सांगितलं. दुपारभर चाललेली हलकी टाकी सांगितली, आणि नागेंद्रनं उभं राहून "व्हय, व्हय, मी ऐकलं" म्हटलं. पाटाची जागा सांगितली. साचा म्हणजे काय, रंगीत थर कशासाठी, ते सांगितलं आणि नीलमनं मान हलवली. समोर बसलेल्या माणसाचं आणि चहाचं मात्र तिनं सांगितलं नाही. मग परातीतली कणीक दोन्ही हातांनी साच्यात दाबली, नाकात, डोळ्यांच्या खळग्यांत, ओठांत, कानात. सुतळी सोडली. एकेक ढलपी काढत गेली.

कणकेचा एक तरुण गावाकडे बघत होता. रुंद कपाळ, नाकाच्या शेंड्यावर व्रण, ओठ जरा उघडे, जसं काही बोलायला निघाला होता.

पारावरचा सगळ्यात म्हातारा शिपाई काठीवर उठला. "ही यशोदेचीच ठेवण की रं."

"तर पुतळा फुटलेला न्हाय," सुविधा म्हणाली. "बाहेर काढलाय. फोडाफोडी झालीच न्हाय. माझ्या भावावरची तक्रार कशाची?"

रविराज उठला. त्याचा आवाज सकाळपेक्षा बारीक होता, पण वाकलेला नव्हता. "मग शामू कुठाय? फोडला न्हाय तर चोरला. कुठाय सांग, न्हायतर तुम्हीच बहीणभावानं पळवला म्हणावं लागंल. तक्रार ती ऱ्हाईलच."

"कुठाय ते मला ठाऊक हाय."

"मग सांग!"

सुविधा गप्प. दीपंकरनं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. गाव कुजबुजायला लागलं. कुणीतरी "फोन लावा पोलिसांना" म्हटलं. रविराजनं खरंच मोबाईल काढला. सुविधानं हाताची घडी घातली आणि पाय आणखी घट्ट रोवले.

"ठेव तो फोन," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

जयाबाई उठत होती. पण आवाज तिचा नव्हता. तिच्या पुढून यशोदाबाई चालत आली, टाच झिजलेल्या चपला ओढत, थेट परातीपाशी. कणकेच्या तोंडापुढं ती क्षणभर थांबली.

"शामू जयीच्या घरात, वाकळंमागं हाय. मीच बघाय गेलते. माझा बाप हाय, चोरी कुणाची?" मग सुविधाकडे वळून, "तो तुकडा काढ."

"आजी, गरज न्हाय. एवढं पुरतंय."

"माझ्या बापाला अर्धा कशाला दावतीस? सगळा दाव."

सुविधानं बाहीचा तुकडा दिला. म्हातारीनं स्वतःच्या हातानं त्यात कणीक दाबली आणि दंडाच्या जागी लावली. वाघ झेपावला. गावानं मागच्या फ्लेक्सकडे पाहिलं, भावकूंच्या बाहीकडे, आणि परत कणकेकडे. कुणाला समजावायला लागलं नाही.

"दोघं गेलते, एक आला," यशोदाबाई म्हणाली. "जो आला त्यानं आमचा धोंडा आपल्या डोक्यावर घेतला, आणि आम्ही वरनं थुंकलो. सूरजला मी सांगीन. कुणाला पलटणीत लिवून कळवायचं असलं तर कळवा." तिनं रविराजकडे पाहिलं. "आणि तुझ्या पाटीवर सगळं लिव. तो पोरगा म्हणत हुता तसं. जाळपोळ केली असली तर तीबी लिव."

रविराज खाली बसला. माफीनामा दीपंकरच्या मांडीवरून घेऊन त्यानं चुरगळला. "झालं तर मग," तो पुटपुटला. "गैरसमज झाला. मिटलं."

"मिटलं न्हाय," सुविधा म्हणाली. "सकाळी भोंग्यावरनं बोललास, आण्णा. मिटवायचंबी तिथनंच."

"आता? सगळ्या गावात?"

"सकाळी बी सगळ्याच गावात होतं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. तो देवळाच्या पायऱ्या चढला. भोंगा खरखरला. तळेगाळीत त्या वेळी म्हशींच्या संध्याकाळच्या धारा चालल्या होत्या. दीपंकर कांबळेचं नाव पूर्ण, आडनावासकट, गल्लीगल्लीत गेलं, आणि त्यामागून वस्तीची माफी.

खाली परातीपाशी जयाबाई उभी होती. काय करावं ते न सुचून हाताला चिकटलेली कणीक काढत होती.

"जये," यशोदाबाई म्हणाली, "माझा कालचा चहा हाय का?"

"थंड झाला की गं आक्का. साय धरलीया त्येच्यावर. धूळ बी पडलीया."

"साय काढ." म्हातारी सुविधाचा हात धरून जयाबाईच्या घराकडे चालू लागली. "ऐंशी वर्सं थांबले. एका दिसानं काय व्हतंय? आणि हिला माझ्यातलाच अर्धा दे, त्याच कपात."